निष्ठा चाहत्यांची, मालकी कोणाची?

विशेष प्रतिनिधी

कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर १३ डिसेंबर २०२५ रोजी जे घडले, ते एका फसलेल्या कार्यक्रमाचे वृत्त म्हणून विसरून जाणे सोयीचे असले, तरी योग्य ठरणार नाही. लिओनेल मेस्सीला पाहण्यासाठी काही हजार रुपयांची तिकिटे काढून आलेले फुटबॉलप्रेमी सकाळपासून ताटकळत बसले होते. मेस्सी मैदानात आला तो राजकीय पुढारी, मान्यवर आणि छायाचित्रांसाठी धडपडणाऱ्यांच्या गराड्यात. गॅलरीतील सामान्य प्रेक्षकाला त्याचे धड दर्शनही झाले नाही आणि जेमतेम वीस मिनिटांत तो निघूनही गेला. त्यानंतर बाटल्या भिरकावल्या गेल्या, खुर्च्या उखडल्या गेल्या, प्रेक्षक मैदानात घुसले. मुख्य आयोजकाला त्याच दिवशी अटक झाली. मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी जाहीर माफी मागितली आणि चौकशी समिती नेमली. दुसऱ्या दिवशी मुंबईत वानखेडे स्टेडियमवर सचिन तेंडुलकर आणि सुनील छेत्री यांच्या उपस्थितीत झालेला कार्यक्रम मात्र सुरळीत पार पडला.

या गोंधळाच्या पाचच दिवस आधी आणखी एक गोष्ट घडली होती. पण तिच्यासाठी ना खुर्च्या उखडल्या गेल्या, ना कोणी माफी मागितली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि इंडियन सुपर लीगची आयोजक कंपनी यांच्यातील १५ वर्षांचा करार ८ डिसेंबर रोजी संपुष्टात आला. त्याच्या नूतनीकरणाचा घोळ मिटत नसल्याने कंपनीने जुलैमध्येच हंगाम स्थगित केला होता. काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन थांबविले. लीगचे व्यापारी हक्क घेण्यासाठी महासंघाने निविदा मागविल्या, तेव्हा नोव्हेंबरच्या मुदतीत एकही निविदा आली नाही. एरवी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गजबजून जाणारी मैदाने त्या वर्षी लीगविना राहिली. फेब्रुवारीपासून कमी सामन्यांचा हंगाम खेळविण्याची घोषणा व्हायला २०२६ चा जानेवारी उजाडावा लागला.

एकीकडे परदेशी खेळाडूच्या ओझरत्या दर्शनासाठी गर्दी, तर दुसरीकडे देशातील सर्वोच्च स्पर्धेला कोणी वाली नाही, हे चित्र विसंगत वाटते. परंतु दोन्ही घटनांच्या मुळाशी असलेली वृत्ती एकच आहे. फुटबॉलचा चाहता कोठे जाणार नाही, तो येणारच, पैसे मोजणारच आणि झाले गेले विसरून पुन्हा येणारच, हे सगळ्यांनी गृहीत धरले आहे. या गृहीतकात तथ्य आहे, हीच चाहत्याची खरी शोकांतिका होय. त्यामुळे कट्टर चाहत्याच्या सुखदुःखाचा विचार करताना केवळ विजय आणि पराजय यांची बेरीज-वजाबाकी मांडून भागत नाही. त्याच्या वाट्याला येणारे एक तिसरे दुःखही आहे आणि ते मैदानाबाहेर जन्माला येते.

एका गोलाचा जीवघेणा खेळ

फुटबॉल हा चाहत्याची परीक्षा पाहणारा खेळ का आहे, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. क्रिकेटमध्ये दिवसभरात शेकडो धावा होतात. एक फलंदाज बाद झाला तरी दुसरा डाव सावरतो. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत होणारे गोल एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. साहजिकच प्रत्येक गोलाचे मोल अवाच्या सवा वाढते. संपूर्ण सामन्यावर वर्चस्व गाजवूनही अखेरच्या मिनिटाला झालेल्या एका चुकीने सारे हातचे निघून जाऊ शकते आणि दुबळा संघ एकाच संधीच्या बळावर बलाढ्याला लोळवू शकतो. बहुतेक वेळ काहीच घडत नाही, पण कोणत्याही क्षणी काहीही घडू शकते, ही टांगती तलवार नव्वद मिनिटे डोक्यावर असते. गोल झाल्यावर अनोळखी माणसाला मिठी मारणारा प्रेक्षक हा केवळ त्या गोलाचा आनंद साजरा करीत नसतो. साचलेल्या ताणातून झालेली सुटकाही तो साजरी करीत असतो.

हा ताण मनापुरता राहत नाही, याचा वैद्यकीय पुरावाही आहे. जर्मनीत २००६ मध्ये विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा म्युनिक परिसरातील डॉक्टरांनी हृदयविकाराच्या तातडीच्या घटनांची नोंद ठेवली होती. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी अशा घटनांचे प्रमाण एरवीच्या तुलनेत २.६६ पट होते. जी माणसे मैदानात उतरली नव्हती, ज्यांनी चेंडूला पायही लावला नव्हता, त्यांच्या काळजावर या खेळाने केलेला हा परिणाम होता.

मानसशास्त्राने याच नात्याची दुसरी बाजू दाखविली आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. तेथील फुटबॉल आपल्या परिचयाच्या फुटबॉलपेक्षा वेगळे असले, तरी निष्कर्ष सर्वत्र लागू पडावा असा आहे. विद्यापीठाचा संघ जिंकला की विद्यार्थी ‘आपण जिंकलो’ म्हणत आणि संघ हरला की ‘ते हरले’ असे सांगून मोकळे होत. हौशी प्रेक्षक आणि कट्टर चाहता यांच्यातील सीमारेषा नेमकी येथे आखता येते. हौशी प्रेक्षकाला पराभवाच्या दिवशी सर्वनाम बदलण्याची मुभा असते; कट्टर चाहत्याला ती नसते. तो पराभवानंतरही ‘आपण हरलो’ असेच म्हणतो आणि म्हणूनच विजयाच्या दिवशी ‘आपण जिंकलो’ म्हणण्याचा त्याचा अधिकार खणखणीत ठरतो.

हिलसा आणि कोळंबी

भारतात या नात्याचे सर्वांत गडद रूप पाहायचे असेल, तर कोलकात्याला पर्याय नाही. मोहन बागान या क्लबची स्थापना १८८९ ची. २९ जुलै १९११ रोजी या संघाने आयएफए शिल्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव केला. एका खेळाडूचा अपवाद वगळता सारा संघ अनवाणी खेळला होता. परकीय सत्तेच्या लष्करी संघावर मिळविलेला हा विजय केवळ क्रीडावृत्त राहिला नाही, तो राष्ट्रीय अस्मितेचा भाग बनला. पुढे १९२० मध्ये ईस्ट बंगालची स्थापना झाली आणि १९४७ च्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून सर्वस्व गमावून आलेल्या निर्वासितांना या नावात आपल्या हरवलेल्या गावाची खूण दिसली. पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी म्हणजे ‘घोटी’ हे मोहन बागानचे आणि पूर्वेकडून आलेले ‘बांगाल’ हे ईस्ट बंगालचे, अशी विभागणी रूढ झाली. ईस्ट बंगाल जिंकले की हिलसा आणि मोहन बागान जिंकले की कोळंबी, अशी स्वयंपाकघरापर्यंत ही चुरस पोहोचली.

हे तपशील रंजक आहेत. पण त्यांचा अर्थ गंभीर आहे. ज्याला रेशनकार्डासाठी आणि डोक्यावरच्या छपरासाठी झगडावे लागत होते, त्या निर्वासिताला आठवड्यातून एक दिवस नव्वद मिनिटे मान ताठ करून बसण्याची जागा ईस्ट बंगालच्या गॅलरीने दिली. हा संघ हरला की त्याचा केवळ सामना जात नसे. म्हणूनच या दोन संघांतील निकाल पिढ्यान् पिढ्या स्मरणात राहतात. ३० सप्टेंबर १९७५ रोजी आयएफए शिल्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० असे धुळीस मिळविले. हा आकडा पुढे ३४ वर्षे मोहन बागानच्या समर्थकांना टोमण्यांतून ऐकावा लागला. २५ ऑक्टोबर २००९ रोजी आय-लीगमध्ये मोहन बागानने ५-३ असा विजय मिळविला आणि एडे चिडीने एकट्याने चार गोल केले, तेव्हा कुठे पाचाला पाचाने उत्तर मिळाले. ज्यांनी १९७५ चा पराभव पाहिला नव्हता, असे तरुणही त्या दिवशी उधार फिटल्याच्या भावनेने नाचत होते. दुःखाचा वारसा मुलांना मिळतो, तसा आनंदाचाही मिळतो, हे त्यातून दिसले.

१३ जुलै १९९७ च्या फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याचे उदाहरणही असेच बोलके आहे. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या आक्रमक ‘डायमंड’ व्यूहरचनेचा तेव्हा बोलबाला होता. पी. के. बॅनर्जी यांच्या मार्गदर्शनाखालील ईस्ट बंगालने सॉल्ट लेकवर सुमारे १ लाख ३१ हजार प्रेक्षकांसमोर तो ४-१ असा मोडीत काढला आणि बायचुंग भुतियाने तीन गोल केले. एका क्लब सामन्याला एवढा जनसमुदाय लोटल्याची उदाहरणे जगातही फार नसतील. त्या गर्दीला कोणी तारका आणून दाखविण्याचे आमिष दिले नव्हते. ती आपल्याच संघासाठी आली होती.

अतिरेकाची किंमत

या उत्कटतेचे गोडवे गाताना तिची काळी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९७५ च्या त्या पराभवानंतर मोहन बागानच्या एका तरुण समर्थकाने आपले जीवन संपविले. कोलकात्याच्या फुटबॉलच्या गप्पांत ही घटना आजही निष्ठेचा परमोच्च पुरावा असल्याच्या थाटात सांगितली जाते. ती तशी सांगितली जाऊ नये. एका घराचा मुलगा गेला, एवढाच त्या घटनेचा अर्थ आहे आणि त्याला कोणत्याही झेंड्याचा रंग देणे गैर आहे.

त्याहून भीषण प्रसंग पाच वर्षांनी ओढवला. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांचा लीग सामना सुरू असताना मैदानावरील धसमुसळ्या खेळाचे पडसाद गॅलरीत उमटले. हाणामारी आणि त्यानंतरच्या चेंगराचेंगरीत १६ जण मृत्युमुखी पडले. खेळ पाहायला घरातून निघालेली ही माणसे परतलीच नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस कोलकात्यात फुटबॉलप्रेमी दिन म्हणून रक्तदान करून पाळला जातो. रक्त सांडल्याचे प्रायश्चित्त रक्त देऊन घेण्याची ही प्रथा चाहत्यांच्या समंजसपणाची साक्ष आहे. तथापि, दोन्ही बाजूंच्या समर्थकांना वेगळे न बसविणे, अपुरा बंदोबस्त, गर्दीच्या व्यवस्थापनाचा अभाव या चुका चाहत्यांच्या नव्हत्या. इंग्लंडमध्ये १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत लिव्हरपूलच्या ९७ समर्थकांचा बळी गेला. तेथेही आधी दोष मृतांच्याच माथी मारला गेला आणि त्यांचा मृत्यू बेकायदा हत्या असल्याचा निर्वाळा मिळण्यासाठी नातलगांना २०१६ पर्यंत लढावे लागले. गर्दी बेभान झाली, असे म्हणून हात झटकणे व्यवस्थेला नेहमीच सोपे जाते. डिसेंबर २०२५ मध्ये सॉल्ट लेकवर झालेली नासधूस समर्थनीय नाही; पण नासधुशीचीच चर्चा करून फसवणुकीची चर्चा टाळणे हेही तितकेच असमर्थनीय आहे.

चाहत्यांची हीच ताकद वेगळ्या दिशेने कशी वळते, हे ऑगस्ट २०२४ मध्ये दिसले. आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर तरुणीवरील अत्याचार आणि हत्येच्या घटनेने कोलकाता ढवळून निघाले होते. १८ ऑगस्टचा ड्युरँड कपमधील मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना सुरक्षेच्या कारणास्तव रद्द करण्यात आला. तेव्हा एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे या दोन्ही क्लबांचे आणि मोहमेडन स्पोर्टिंगचे समर्थक आपापले झेंडे घेऊन स्टेडियमबाहेर एकत्र आले आणि त्यांनी न्यायाची मागणी केली. पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या चालविल्या. ज्या गर्दीला आपण उन्मादी म्हणतो, ती विचारही करते, हे त्या संध्याकाळी सिद्ध झाले.

विजय मिळाला, नाव गेले

आता त्या तिसऱ्या दुःखाकडे वळायला हवे. पराभव चाहत्याला मोडत नाही, उलट तो त्याला क्लबशी अधिक घट्ट बांधतो. ईस्ट बंगालच्या समर्थकांनी २००४ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकल्यानंतर दोन दशके त्या विजेतेपदाची वाट पाहिली. जानेवारी २०१९ नंतर कट्टर प्रतिस्पर्ध्यावर विजय मिळायला त्यांना ऑगस्ट २०२३ पर्यंत थांबावे लागले. तरीही ते येत राहिले. जानेवारी २०२४ मध्ये भुवनेश्वरला सुपर कप जिंकून संघ परतला, तेव्हा १२ वर्षांनी आलेल्या राष्ट्रीय करंडकाच्या स्वागतासाठी विमानतळावर झुंबड उडाली. थांबण्याची चाहत्याची तयारी अमर्याद असते. अट एकच असते. ज्याच्यासाठी थांबायचे, तो क्लब आपला राहिला पाहिजे.

नेमक्या याच अटीला २०२० मध्ये धक्का बसला. मोहन बागानने त्या वर्षी आय-लीग जिंकली होती. परंतु इंडियन सुपर लीगमध्ये प्रवेश करायचा तर मोठे भांडवल हवे होते. क्लबच्या फुटबॉल विभागाचा ८० टक्के हिस्सा एटीके संघाच्या मालकांकडे गेला आणि संघाचे नाव ‘एटीके मोहन बागान’ झाले. ज्या क्लबने १९११ मध्ये इतिहास घडविला, त्याच्या नावाआधी जेमतेम सहा वर्षांचे वय असलेल्या व्यावसायिक संघाची तीन अक्षरे बसली. समर्थकांनी ती तीन अक्षरे काढून टाकण्याची मोहीम सुरू केली. निदर्शने झाली, फलक लागले, अनेकांनी सामन्यांकडे पाठ फिरविली.

त्यांच्या मनःस्थितीची कल्पना करून पाहावी. संघ जिंकत होता, परदेशी खेळाडू दर्जेदार होते, प्रतिस्पर्धी ईस्ट बंगाल एकामागून एक सामने गमावत होते. आनंदाला तोटा नव्हता. पण तो आनंद आपला म्हणावा की नाही, हा प्रश्न होता. सर्वनाम न बदलणाऱ्या चाहत्यावर ‘आपण’ म्हणजे नक्की कोण, असे विचारण्याची वेळ आली होती. अखेर १८ मार्च २०२३ रोजी गोव्यात फातोर्डा येथे बंगळुरू एफसीला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून संघाने विजेतेपद मिळविले आणि त्याच रात्री मालक संजीव गोएंका यांनी ‘एटीके’ हे नाव वगळण्याची घोषणा केली. पुढील हंगामापासून संघ ‘मोहन बागान सुपर जायंट’ झाला. हा चाहत्यांचा विजय होता, यात शंका नाही. मात्र तो निम्माच होता. एक शब्द गेला आणि मालकांच्या अन्य क्रीडासंघाची आठवण करून देणारे दुसरे शब्द आले.

ईस्ट बंगालची कथाही वेगळी नाही. पाच वर्षांत तेथे गुंतवणूकदार तीनदा बदलले. २०२१ मध्ये करारावर सही करण्यावरून क्लबचे पदाधिकारी आणि गुंतवणूकदार यांच्यात वाद पेटला. त्या वर्षी जुलैमध्ये क्लबबाहेर निदर्शने करणाऱ्या समर्थकांना पोलिसांचा मार खावा लागला. भांडण दोन कार्यालयांचे होते, लाठ्या मात्र चाहत्यांनी झेलल्या.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. या क्लबांचा जुना कारभार आदर्श होता, असे कोणी म्हणणार नाही. ठरावीक पदाधिकाऱ्यांची वर्षानुवर्षांची सत्ता, थकलेली देणी, खेळाडूंची रखडलेली बिदागी हे चित्र सर्वपरिचित होते. भांडवलाविना आजचा व्यावसायिक संघ चालत नाही. मोहन बागानने २०२४ आणि २०२५ मध्ये लीगमधील अग्रस्थानाची ढाल सलग दोनदा जिंकली, त्यामागे नव्या मालकांचा पैसा आणि शिस्त आहे, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. त्यामुळे प्रश्न भांडवल हवे की नको, हा नाहीच. पैसा घालणाऱ्याला संघ चालविण्याचा अधिकार असावा. पण क्लबचे नाव, त्याचे रंग, त्याचे चिन्ह आणि त्याचे गाव हेही त्याच व्यवहारात विकले जातात काय, हा खरा प्रश्न आहे.

पुणे, हैदराबाद, दिल्ली

हा प्रश्न कोलकात्यापुरता नाही, याची जाणीव महाराष्ट्र आणि गोव्यातील फुटबॉलप्रेमींइतकी दुसऱ्या कोणाला असणार? मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये हा संघ बंद करण्यात आला. पाच वेळा देशाचे अजिंक्यपद मिळविणारा गोव्याचा डेम्पो, तसेच साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दि गोवा यांनी देशातील स्पर्धांच्या फेररचनेत आपले स्थान डावलले जात असल्याच्या कारणावरून २०१६ मध्ये आय-लीगमधून माघार घेतली. हे संघ हरले म्हणून संपले नाहीत. ते निर्णयांत संपले.

पुण्याचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. बालेवाडीच्या मैदानावर खेळणारा एफसी पुणे सिटी संघ २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि इंडियन सुपर लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. त्या संघाने २०२२ मध्ये विजेतेपद मिळवून हैदराबादकरांना आनंद दिला. पुढे आर्थिक ओढाताण झाली आणि २०२५ मध्ये तो संघच दिल्लीला हलविण्यात आला. सहा वर्षांत एकाच जागेने तीन शहरे बदलली. पुण्यातल्या ज्या मुलाने पहिला नारिंगी सदरा हट्टाने घेतला, त्याने पुढे कोणासाठी टाळ्या वाजवायच्या? कंपनी कार्यालय हलवू शकते, चाहत्याला आपले बालपण हलविता येत नाही.

याच्या नेमके उलटे चित्र कोल्हापुरात दिसते. तेथील संघ पेठांच्या आणि तालमींच्या नावाने उभे आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमी किंवा शिवाजी तरुण मंडळ यांना कोणी विकत घेऊन दुसऱ्या गावी नेईल, ही कल्पनाच तेथे हास्यास्पद ठरेल. पुरस्कर्ते येतात-जातात, पेठ जागच्या जागी राहते. छत्रपती शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने असले की शहराचे लक्ष तिकडे असते. या व्यवस्थेतही दोष आहेत. हुल्लडबाजीमुळे सामने थांबविण्याची वेळ तेथेही आली आहे आणि व्यावसायिक स्तरावर झेप घेण्यासाठी लागणारे आर्थिक बळ तालमींपाशी नाही. मात्र संघ कोणाचा, हा प्रश्न तेथे कोणालाही पडत नाही.

ग्राहक नव्हे, हक्कदार

बाजारपेठेच्या भाषेत चाहत्याला ग्राहक म्हटले जाते. ही तुलना मुळातच सदोष आहे. साबण आवडला नाही तर ग्राहक दुसरा साबण घेतो आणि त्या भीतीपोटी उत्पादक दर्जा राखतो. मोहन बागानचा चाहता वैतागून ईस्ट बंगालचा होत नाही. त्याला दुकान बदलता येत नसल्यामुळे दुकानदाराला त्याची भीतीही वाटत नाही. जेथे बाजाराचा धाक चालत नाही, तेथे नियमांचा धाक असावा लागतो, हे साधे तत्त्व होय.

इतर देशांनी हे ओळखले आहे. जर्मनीतील नियमानुसार व्यावसायिक क्लबमधील मतांचे बहुमत, काही अपवाद वगळता, सदस्यांच्या संस्थेकडेच राहते. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२१ मध्ये सहा बड्या क्लबांनी युरोपीय सुपर लीगमध्ये सामील होण्याचा घाट घातला, तेव्हा त्यांचेच समर्थक रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत या क्लबांना माघार घ्यावी लागली. त्या घडामोडींनंतर चाहत्यांना केंद्रस्थानी ठेवून आढावा घेण्यात आला आणि त्यातून जुलै २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा झाला. स्वतंत्र नियामक, चाहत्यांशी सल्लामसलत, तसेच क्लबचे चिन्ह, रंग आणि मैदान यांना संरक्षण, ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. ज्या महिन्यात इंग्लंडमध्ये हा कायदा झाला, त्याच महिन्यात भारतातील सर्वोच्च लीग स्थगित झाली, ही तुलना कटू असली तरी करावीच लागेल.

आपल्याकडे लगेच असा कायदा होईल, अशी अपेक्षा भाबडी ठरेल. परंतु क्लबांना परवाना देताना काही अटी घालणे महासंघाला अशक्य नाही. नाव, रंग, चिन्ह किंवा शहर बदलण्यापूर्वी समर्थकांच्या नोंदणीकृत संघटनांशी चर्चा बंधनकारक असावी. क्लब बंद करायचा झाल्यास पुरेशी आगाऊ सूचना आणि तो दुसऱ्या कोणाला चालवू देण्याची संधी मिळावी. हंगामाचे वेळापत्रक वेळेवर जाहीर व्हावे. तिकिटाचे पैसे घेऊन कबूल केलेले दाखविले नाही, तर ते पैसे विनासायास परत मिळावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली महासंघाची नवी घटना २०२५ मध्ये आकाराला आली आणि तीत नामवंत माजी खेळाडूंना स्थान मिळाले, हे स्वागतार्ह आहे. चाहत्यांच्या बाबतीत असा विचार मुळापासून व्हायचा आहे. अर्थात, त्या बदल्यात समर्थकांच्या संघटनांनीही आपल्या गॅलरीतील हुल्लडबाजांची जबाबदारी घेतली पाहिजे. हक्क मागणाऱ्याने १६ ऑगस्टचा विसर पडू देता कामा नये.

सॉल्ट लेकच्या याच मैदानावर २ सप्टेंबर २०११ रोजी मेस्सी अर्जेंटिनाचा कर्णधार म्हणून व्हेनेझुएलाविरुद्ध पूर्ण सामना खेळला होता. अर्जेंटिनाने तो १-० असा जिंकला आणि कोलकात्याने त्याला शांतपणे, डोळे भरून पाहिले. तेव्हाचा प्रेक्षक आणि २०२५ चा प्रेक्षक यांत फरक पडलेला नाही. पहिल्या वेळी त्याला फुटबॉल दाखविण्यात आला, दुसऱ्या वेळी त्याच्या प्रेमाचे केवळ तिकीट फाडण्यात आले. हरलेल्या संघाचा झेंडा गुंडाळून चाहता घरी जातो आणि पुढच्या सामन्याला तो पुन्हा उलगडतो, हे अनेक पिढ्यांनी दाखवून दिले आहे. तो पुढचा सामना होईल, त्याच नावाने आणि त्याच गावात होईल, एवढी हमी देण्याची जबाबदारी मात्र ज्यांच्या हाती या खेळाची सूत्रे आहेत, त्यांची आहे.